सात महिने न भरलेली जखम

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. मधुमेहाला चौदा वर्षं झाली. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं शिलाईचं दुकान आहे. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता. तो फुटून सात महिन्यांपूर्वी जखम झाली. आता रुपयाच्या नाण्याएवढी आहे. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असतात तोवर बरं असतं, बंद केल्या की महिन्याभरात पुन्हा हिरवट पू आणि वास. पुवाच्या तपासणीत ‘स्यूडोमोनास’ नावाचा जंतू निघाला. आई रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून त्यांचे पाय शेकते आणि हळद-तेल लावते. मध, कोरफड, अँटिबायोटिकची पावडर, आयोडीनचं मलम, सगळं करून झालं. दुखत अजिबात नाही, हेच त्यातल्या त्यात बरं. चालणंही बंद केलंय, दिवसभर दुकानात मशीनवर बसूनच असतात. लातूरला सायट्रिक ॲसिडने अशा जखमा बऱ्या करतात असं ऐकलं. कोणी म्हणतं औषधी मध मागवा. अँटिबायोटिक सोडून नेमकं कोणतं मलम लावावं? अंगठा काढावा लागेल असं एका डॉक्टरांनी म्हटल्यापासून बाबा दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. मी पुण्यात असते, महिन्यातून एकदा गावी जाते.

(नाव न छापण्याची विनंती)

ताई,

मलमाबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी एक विचारून घ्या. जखमेभोवतीची लाली कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली आहे का? पाऊल सुजून गरम लागतंय का? थंडी वाजून ताप, बोट काळं पडणं, खाण्यापिण्यात काही बदल नसताना साखर एकाएकी खूप चढणं, यातलं काही आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर हे वाचायचं थांबवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तेव्हा अँटिबायोटिक लागतंच, बऱ्याचदा शिरेतून द्यावं लागतं, आणि आत पू साठला असेल तर तो शस्त्रक्रियेने मोकळा करावा लागतो. वरून लावायचं कुठलंही औषध तिथे पुरं पडत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसलं नाही, म्हणून पुढचं लिहिते आहे.

पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘दुखत अजिबात नाही, हेच त्यातल्या त्यात बरं’ हे एक, आणि ‘दिवसभर मशीनवर बसूनच असतात’ हे दुसरं. सात महिने जखम का भरली नाही याचं उत्तर मला तरी इथे दिसतं.

रुपयाएवढी, पू येणारी जखम तळपायाला असताना माणसाला कळ येत नाही, याचा अर्थ पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत. तुमच्या-माझ्या चपलेत खडा आला तर दुसऱ्या पावलाला आपण थांबतो. खडा काढायला जागा नसेल तर लंगडत, पाय वाकडा टाकत चालतो. शरीर दुखऱ्या जागेला आपोआप विश्रांती देतं. बाबांच्या पायाची ही राखण गेली आहे. घट्टा पडला तो एकाच जागी वर्षानुवर्षं दाब आला म्हणून. फुटला तो त्याच दाबाने. आणि अजून भरत नाही तोही त्याच दाबामुळे, अशी माझी दाट शंका आहे.

तुम्हाला वाटतं ते बसून असतात म्हणजे पायाला आराम आहे. मशीन पायाने चालवायचं असेल, तर शिंप्याच्या पायाला आराम नसतो. पायडल दाबताना टाच टेकलेली असते आणि सगळा जोर पंजावर, नेमका अंगठ्याच्या मुळाशी येतो. मिनिटाला पन्नास वेळा जरी पाय दाबला गेला, तरी चार तासांच्या कामात बारा हजार वेळा होतं. बारा हजार वेळा ती जखम लोखंडावर दाबली जाते, आणि रात्री आपण तिच्यावर मलम लावतो. दिवसा उसवायचं आणि रात्री एक टाका घालायचा, असं हे चाललं आहे. बाबांना हे त्यांच्याच भाषेत सांगा, पटकन पटेल.

हे माझं काही नवं शहाणपण नव्हे. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णाचं मांसच खराब झालेलं असतं, म्हणून त्याच्या तळपायाची जखम भरत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं. वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, एवढंच. पाय प्लास्टरमध्ये घातला की वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा भरून यायच्या. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही हेच लागू आहे. रक्तपुरवठा चांगला असेल आणि संसर्ग आटोक्यात असेल, तर पावलाला सगळीकडून घट्ट बसणारं प्लास्टर घालून बऱ्याचशा जखमा सहा-आठ आठवड्यांत भरतात. त्याला ‘टोटल कॉन्टॅक्ट कास्ट’ म्हणतात. ते शिकलेल्या माणसानेच घालायचं असतं, कारण चुकीचं बसलं तर बधिर पायाला नवी जखम होते आणि ती आत कळतही नाही. जिथे ही सोय नाही तिथे गुडघ्यापर्यंतचा बूट देतात, नाहीतर जाड फेल्ट कापून जखमेवरचा भार आजूबाजूला वाटून देतात. घरच्या घरी कापडाची चुंबळ करून जखमेभोवती मात्र ठेवू नका. तिने कडेचं रक्त अडतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही की उद्यापासून बाबांचा उजवा पाय पायडलवर जाता कामा नये. दुकान बंद करा असं मी म्हणत नाही. आयुष्यभर हाताने कमावलेल्या माणसाला घरी बसवलं की तो आतून खचतो, आणि खचलेला माणूस औषधपाणी नीट करत नाही. मशीनवर काही दिवस कारागीर बसवा. बाबांनी काजं-बटणं, तुरपाई, गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचा, पाय स्टुलावर ठेवून. जखम भरल्यावर मशीनला मोटर बसवा. मोटरचं बटणही पायाखालीच असतं हे लक्षात ठेवा. ते डाव्या पायाने, पायात चप्पल घालून, हलकं दाबायची सवय त्यांना आत्तापासून लावावी लागेल. डावा पायही बधिर असणार, त्याचीही तपासणी करून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, मलम.

अँटिबायोटिक घेतलं की बरं आणि सोडलं की पुन्हा तेच, असं का होतं? जुन्या जखमेतले जंतू सुटे फिरत नसतात. पाण्याची टाकी बरेच दिवस धुतली नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर करून ते जखमेच्या तळाला चिकटून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. गोळीतलं औषध रक्तातून तिथपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि पावडर वरच्या वर राहून खपली धरते. वरचे जंतू मरतात, थर शिल्लक राहतो, महिन्याभरात पुन्हा तेच. वरून अँटिबायोटिक लावत राहण्याचा आणखी एक तोटा म्हणजे जंतू त्याला सरावतात, शिवाय काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते. म्हणून अँटिबायोटिक नसलेलं काही शोधण्याची तुमची दिशा बरोबर आहे.

पुवाच्या तपासणीबद्दलही सांगते. कापसाच्या बोळ्याने वरचा पू घेतला तर वर बसलेला जंतू सापडतो, आत त्रास देणारा तोच असेल असं नाही. नमुना घ्यायचा तर जखम स्वच्छ केल्यावर तळातल्या मांसाच्या तुकड्याचा घ्यावा. रिपोर्टात जंतू आला एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. लाली, सूज, गरमपणा, पू अशा संसर्गाच्या लक्षणांपैकी किमान दोन असली तर करायचं.

हा थर मुळात काढावा लागतो हाताने. मेलेलं मांस, कडेचा घट्टा आणि तळाचा बुळबुळीत पापुद्रा सर्जन ब्लेडने खरवडून काढतात. त्यानंतर एक ते तीन दिवसांत थर पुन्हा जमू लागतो, म्हणून जंतुनाशक औषधाचा उपयोग होतो तो याच दिवसांत. सुश्रुतसंहितेत दुष्ट व्रणाचं आधी शोधन आणि मग रोपण सांगितलं आहे, म्हणजे आधी स्वच्छ करा आणि मग भरून आणा. इतक्या शतकांनी आम्हीही त्याच क्रमाने चालतो. तुमच्याकडे सात महिने रोपणाचे उपाय झाले, शोधन झालेलंच नाही. हे काम घरी नेलकटरने किंवा दाढीच्या ब्लेडने करायचं नाही. मेडिकलमध्ये मिळणारी कुरुपाची पट्टीही लावायची नाही, त्यातलं ॲसिड चांगलं कातडं खातं.

सायट्रिक ॲसिडबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि ते तुमच्याच जिल्ह्यातलं काम आहे. लातूरच्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस अँड रिसर्चमधले सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉ. बसवराज नागोबा आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून यावर काम करत आले आहेत. विजेच्या झटक्याने भाजलेल्या, कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्यूडोमोनासने ग्रासलेल्या जखमेवर त्यांनी सायट्रिक ॲसिड वापरलं आणि त्याचा वृत्तांत १९९८ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. पुढे त्यांनी मधुमेही पायांवरही ३ टक्के सायट्रिक ॲसिड वापरलं. उथळ जखमांमध्ये यश भरपूर मिळालं, हाडापर्यंत गेलेल्या जखमांमध्ये कमी. महागड्या परदेशी ड्रेसिंगचा विचारही न करू शकणाऱ्या माणसांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कोणी इतकी वर्षं असं काम करतं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

त्यामागचा विचारही सरळ आहे. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. जुनाट जखम अल्कधर्मी होते, आणि जंतूंना तेच मानवतं. सौम्य आम्लाने ती आम्लाकडे ओढली की जंतूंची वाढ खुंटते. स्यूडोमोनास तर आम्लाला विशेष घाबरतो. यासाठी पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, शल्यचिकित्सक शंभरहून अधिक वर्षं वापरत आले आहेत. आम्ल आहे म्हणून जंतू त्याला सरावण्याची भीतीही फार नाही. कच्चा दुवा असा की लातूरच्या कामातल्या बऱ्याचशा अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे किती यश आम्लाचं आणि किती रोजच्या नीट स्वच्छतेचं, हे वेगळं काढता येत नाही. लातूरची माणसं जखम नीट धुतात, खरवडतात, रोज पाहतात. ते सगळं सोडून नुसतं मलम आणलं तर तोच गुण येईल असं मी सांगणार नाही.

आणि कृपा करून लिंबू पिळू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूच की, असं वाटणं साहजिक आहे. लिंबाच्या रसात आम्लाचं प्रमाण ३ टक्क्यांहून बरंच जास्त असतं, ते दर लिंबागणिक बदलतं, आणि रस निर्जंतुक नसतो. बाबांना झोंबणार नाही, त्यामुळे भोवतालचं कातडं जळलं तरी ते हूं की चूं करणार नाहीत. वाण्याकडचं लिंबूसत्व आणून घरी विरघळवणंही नको. तयार द्रावण किंवा मलम डॉक्टरांकडून घ्या, जखमेभोवतीच्या चांगल्या कातडीवर आधी व्हॅसलिन लावा आणि दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर पुढे रेटू नका.

मधाची गोष्टही आपल्याच भागात घडली. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर मधाची तुलना त्या वेळच्या नेहमीच्या चांदीच्या मलमाशी केली आणि १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त ती छापून आली. मध सरस ठरला. त्यानंतरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हाही वरवर भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात असं निघालं. पण भाजलेल्याची जखम ताजी असते. त्याच्या रक्तवाहिन्या धड असतात आणि दुखतं म्हणून तो ती जागा जपतो. बाबांच्या पायाचं तसं नाही. न्यूझीलंडमध्ये पायाच्या शिरांच्या जुन्या जखमा असलेल्या ३६८ जणांवर मधाचा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे बारा आठवड्यांत जखमा भरण्यात मधाने ठोस फरक पडला नाही. मध वास कमी करतो, मेलेलं मांस सुटायला मदत करतो, यासाठी वापरला तर माझी हरकत नाही. मात्र तो किरणोत्साराने निर्जंतुक केलेला औषधी मध हवा. स्वयंपाकघरातल्या मधात जंतूंची बीजं असू शकतात. पोटात गेली तर मोठ्या माणसाला ती पचतात, उघड्या जखमेत ती नकोत.

स्वस्त साधनांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांवर निर्जंतुक केलेलं केळीचं पान पट्टी म्हणून वापरून पाहिलं, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना कळ येत नाही आणि नवी कातडी सोलून निघत नाही. जखमेला काय लावलं याइतकंच, पट्टी काढताना काय उपटून आलं, यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे कोरडं गॉज जखमेत कोंबतात, ते वाळतं आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढतात. नवं लालसर मांस त्याच्याबरोबर निघून येतं. बाबांना दुखत नाही म्हणून ओढणाऱ्याचाही हात जड पडतो. गॉज चिकटलंच तर सलाइनने भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग काढा.

‘जखमेला वारा लागू द्या’ हेही मनातून काढून टाका. लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की झाकून दमट ठेवलेल्या उथळ जखमेवर कातडी उघड्या जखमेपेक्षा साधारण दुपटीने लवकर चढते. दमट म्हणजे ओलीगच्च नव्हे. कातडी पांढरी पडून सुरकुतली तर ओल जास्त झाली असं समजा.

बाकीच्यांचं थोडक्यात. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड नको, जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. आयोडीन घाण असलेल्या जखमेत थोडे दिवस चालतं, लाल मांस दिसू लागलं की थांबवावं, आणि थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात युसॉलच्या बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या व्हायच्या. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास एडिंबरोत तयार झालेलं ते क्लोरीनचं द्रावण. ते फार तीव्र होतं, आता त्याच जातीची सौम्य द्रावणं धुण्यासाठी मिळतात, ती बरी. चांदीची ड्रेसिंग महाग असतात आणि दोन आठवड्यांपलीकडे लावत राहण्यात अर्थ नसतो. युरोपात २४० मधुमेही रुग्णांवर सुक्रोज ऑक्टासल्फेट नावाच्या पदार्थाच्या ड्रेसिंगचा चांगला अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो आला. वीस आठवड्यांत त्या ड्रेसिंगने ४८ टक्के जखमा भरल्या, साध्याने ३० टक्के. फरक खराच आहे. पण उत्तम काळजी आणि उत्तम ड्रेसिंग मिळूनही त्या मुदतीत निम्म्याहून जास्त जखमा उघड्याच राहिल्या, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

मधुमेही पायाबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तर जखम भरून आणण्यासाठी मध, चांदी किंवा जंतुनाशक मलमांची शिफारसच करत नाहीत. मला ते मान्य आहे. जंतुनाशकाने जखम भरते असं मीही म्हणत नाही. पण हिरवा पू आणि वास येत असताना, खरवडल्यानंतर, दहा-पंधरा दिवस सौम्य आम्लाची पट्टी ठेवून पुन्हा जमणारा थर रोखायला मला ती उपयोगी वाटते. मांस लाल, दाणेदार दिसू लागलं की ती बंद करून साधी न चिकटणारी पट्टी. मलमाबद्दल माझं उत्तर एवढंच आहे.

आईंचं आता. त्यांना काही बोलू नका. रोज रात्री नवऱ्याचे पाय हातात घेणारी ती एकटीच आहे, तीच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे. फक्त गरम पाण्याचं शेकणं आजपासून बंद करा. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. पाय भाजून फोड आलेली किती माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी पाणी प्रेमानेच तापवलेलं होतं. भिजवून ठेवण्याने जखमेची कडही पांढरी, मऊ पडते. धुवायला सलाइनची बाटली आणा. ती नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घालून चांगलं उकळा, झाकून पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच दिवशी वापरा. हळद डाळीत घाला, जखमेत नको. तेलाबरोबर तिचा थर बसतो, खालचं मांस लाल आहे की काळं तेच दिसत नाही, आणि डब्यातली हळद निर्जंतुक नसते. पायाची पट्टी बदलायला आईंना मी सांगेन, पण त्याआधी आणि नंतर हात साबणाने धुणं, आणि रोज दोन्ही तळपाय उजेडात पाहणं, बोटांच्या बेचक्यांसह.

‘डाळीने पू होतो, अंडं गरम पडतं’ म्हणून बाबांचं जेवण भाकरी आणि पातळ भाजीवर आणलं असेल, तर तेही बदला. मांस भरायला प्रथिनं लागतात. क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची, तपासणी करून किती चालेल ते डॉक्टरांना विचारा, आणि डाळ, उसळ, ताक, चालत असेल तर अंडं ताटात परत येऊ द्या. साखर तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीने बघा. विडी किंवा तंबाखू आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर ती सुटल्याशिवाय पायाच्या बारीक रक्तवाहिन्या साथ देणार नाहीत.

राहिला अंगठा. ज्या डॉक्टरांनी तसं म्हटलं त्यांनी काय पाहिलं ते मला इथून दिसत नाही, त्यामुळे चूक की बरोबर सांगणार नाही. पण तो निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी तपासलेल्या असाव्या लागतात. एक, रक्त पोचतंय का. पावलाच्या वरची नाडी हाताला लागते का ते पाहायचं आणि डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, करायची. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, घोट्याजवळ मोजलेला रक्तदाब खोटाच चांगला येतो, म्हणून अंगठ्याचा रक्तदाब मोजता आला तर तो जास्त भरवशाचा. वाहिनी तुंबली असेल तर फुग्याने किंवा बायपासने ती मोकळी करता येते, आणि तसं केल्याशिवाय कुठलंही मलम वाया. दुसरी गोष्ट, हाडाला संसर्ग आहे का. जखमेत निर्जंतुक बोथट सळई हलकेच घातली आणि खाली टणक हाड लागलं तर संशय घ्यायचा, मग एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय. हाडात संसर्ग असेल तर काही वेळा साधारण सहा आठवड्यांच्या अँटिबायोटिकने भागतं, काही वेळा तेवढा हाडाचा तुकडा काढून अंगठा राखता येतो. बाबांना सांगायचं ते असं की अंगठा कापायला नव्हे, तो वाचवता येतो का हे बघायला जायचं आहे. आणि खरं तेही सांगा, की उशीर झाला तर अंगठ्यावर भागत नाही. मोठ्या माणसाला धाक घालून आणण्यापेक्षा सगळं समजावून सांगितलेलं मानवतं. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, आपल्या उपचाराला योजना लागू होते का ते त्यांना आधी विचारा.

लातूरला जा. तुमच्या गावापासून जवळ आहे, आणि अशा जखमा रोज पाहणारी माणसं तिथे आहेत. जाताना जुने रिपोर्ट, झालेल्या अँटिबायोटिकची नावं आणि बाबांच्या रोजच्या चपला, तिन्ही पिशवीत घाला. चपलेचा तळ कुठे झिजलाय ते पाहून डॉक्टरांना बरंच कळतं. मऊ रबराची एमसीआर चप्पल तिथेच मापाने करून मिळते का ते विचारा, जखम भरल्यावर दोन्ही पायांना ती लागेल.

एक काम दुकानातल्या कारागिराला किंवा आईंना लावून द्या. दर रविवारी, पट्टी बदलताना, जखमेशेजारी शिलाईची टेप धरून फोटो काढायचा आणि तुम्हाला पाठवायचा. लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवा. भार काढल्यानंतर चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ साधारण निम्म्यावर यायला हवं. आलं नाही तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांकडे परत जा आणि रक्त, हाड आणि भार, या तिन्हींची पुन्हा तपासणी मागा. चार रविवारांची मापं झाली की मलाही कळवा, आणि पायडलवर आता कोण बसतं तेही लिहा.